केलीचा वेग उसना मिळतो, मग केलीचे कपडे का नाही? गेममधलं ‘लेडीज-जेंट्स’ कोण ठरवतं?

फ्री फायर मॅक्समध्ये केली नावाचं एक पात्र आहे. धावणारी मुलगी. तिची खासियत म्हणजे वेग. तुमच्याकडे केली असेल, तर तिचं हे स्किल तुमच्या दुसऱ्या पात्रालाही जोडता येतं. ते पात्र पुरुष असलं तरी गेमची हरकत नसते. ॲडम केलीसारखा पळू शकतो. पण ॲडमला केलीचे कपडे घालायचे असतील तर? तिथे गेम नाही म्हणतो.

फ्री फायरमध्ये कपड्यांच्या पूर्ण संचाला बंडल म्हणतात. बहुतेक बंडल एक तर पुरुष पात्रासाठी असतं, नाही तर स्त्री पात्रासाठी. पूर्वी एलिट पास यायचा, त्यातही साधारणपणे एक बंडल पुरुषाचं आणि एक स्त्रीचं अशी वाटणी असायची. बंदुकीच्या स्किनला, ग्लू वॉलला, पाठीवरच्या बॅगेला मात्र असं काही बंधन नाही. गुलाबी बंदूक कुणीही चालवावी. नियम आठवतात ते अंगावर कपडा चढवताना.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे. अरे, गेम आहे, गोळ्या मारायच्या आणि शेवटपर्यंत टिकायचं, कपड्यांचं काय घेऊन बसलात? ठीक आहे. पण हे गेम फुकट मिळतात आणि त्यांच्या कमाईचा मोठा भाग याच सजावटीतून येतो. डायमंड विकत घ्यायचे, ते देऊन बंडल घ्यायचं, किंवा चाक फिरवून नशीब आजमावायचं. ज्या गोष्टीवर कंपन्यांचा एवढा धंदा चालतो, ती खेळणाऱ्याने तेवढी क्षुल्लक का मानायची?

तर गेममधले कपडे पुरुषांचे आणि बायकांचे असे का विभागलेले असतात, ही विभागणी कुठे मोडली गेली, आणि याचा आपल्याशी काय संबंध, ते बघू.

लेबल वेगळं, कुलूप वेगळं

आधी साकीनाक्याला जाऊ. कारण मुंबईत ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ कपडे जिथे प्रत्यक्ष शिवले जातात, अशा जागांपैकी ही एक आहे.

साकीनाका मेट्रो स्टेशनवर उतरलात (वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झाली), की खाली अंधेरी-कुर्ला रोडचं ट्रॅफिक. तिथून खैरानी रोडला लागलं की दोन्ही बाजूंना गाळे. प्लास्टिक, पत्रा, भंगार, पॅकिंग आणि अधूनमधून शिलाईचे कारखाने. ओळीने मशिनी, बाजूला कापडाचे तागे. इथल्या कटिंग मास्टरसाठी लेडीज आणि जेंट्स म्हणजे दोन वेगळे फर्मे. खांदा वेगळा, छाती-कमरेचा घेर वेगळा, शर्टाची बटणं पुरुषाला उजव्या पट्टीवर आणि बाईला डाव्या. संपला विषय. माल गाळ्यातून बाहेर पडला की तो कोण घालतंय हे बघायला मास्टर येत नाही. हातगाडीवरचा जेंट्स टी-शर्ट मुलगी उचलते. भावाची जीन्स बहीण घालते. मुंबईत चुकून थंडी पडलीच, तर आईचं स्वेटर हाताला लागेल तो चढवतो.

दुकानातल्या कपड्यावर लेबल असतं. गेमने त्या लेबलाचं कुलूप केलं.

आणि याच भागात संध्याकाळी काजूपाडा, मोहिली किंवा जरीमरीच्या गल्ल्यांमधून चाललात, तर पायऱ्यांवर फोन आडवे धरून बसलेली टोळकी दिसतात. फ्री फायर स्वस्तातल्या, कमी रॅमच्या फोनवरही चालतो, हे त्याच्या लोकप्रियतेचं मोठं कारण. टोळक्यात बहुतेक मुलगेच. मुली खेळत नाहीत असं नाही, त्या पायरीवर बसून खेळत नाहीत.

दहा बाय बाराच्या खोलीत एक फोन, त्यावर एकच आयडी आणि भावंडं आळीपाळीने खेळणार, हे नवलाचं नाही. आता समजा आयडी भावाने उघडली, डायमंड भावाने टाकले, बंडल सगळी पुरुषांची घेतली. बहिणीची पाळी आली आणि तिने स्त्री पात्र निवडलं, की जमवलेलं कपाट तिच्यासाठी जवळपास रिकामं. पैसे घरातलेच गेले, कपडे निम्म्या घरापुरते आले.

इथे गेमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पुरुष आणि स्त्री अशी दोन्ही मूळ पात्रं सुरुवातीलाच फुकट मिळतात. त्यामुळे कुलूप खेळणाऱ्याला नसून पात्राच्या शरीराला आहे. स्त्रीचं बंडल घालायचं तर स्त्री पात्र घ्या, इतकं सोपं. फक्त शरीर तेच ठेवून कपडे बदलता येत नाहीत. हा फरक बारीक वाटेल, पण ज्या मुलाला मुलगी व्हायचं नाहीये, नुसता तो लांब झगा आवडलाय, त्याच्यासाठी गेमकडे जागाच नाही. खऱ्या आयुष्यात ज्याला त्याचं लिंग कोणत्या रकान्यात भरायचं हाच प्रश्न आहे, त्याच्यासाठी तर नाहीच नाही.

प्रत्येक गेमची तऱ्हा वेगळी

बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये आणलेला गेम. इथेही सुरुवातीला पुरुष की स्त्री हे निवडावं लागतं. पण बरेच पोशाख दोघांनाही घालता येतात. फरक एवढाच की तोच पोशाख स्त्री पात्रावर वेगळ्या बेताचा दिसतो. कुलूप नाही, पण शिंपी आपल्याला न विचारता कपडा अल्टर करून देतो.

या ‘अल्टर’ प्रकाराचं जुनं आणि बदनाम उदाहरण म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ सालचा हा गेम. यातली काही चिलखतं पुरुषाने घातली की पूर्ण पत्रा, आणि तीच स्त्रीने घातली की पोट-मांड्या उघड्या. संरक्षणाचे आकडे दोन्हीकडे तेच. म्हणजे उघड्या पोटावर तलवार बसली तरी पत्र्याइतकंच लागणार. वर्षानुवर्षं खेळणारे यावर हसत आलेत.

‘जीटीए ऑनलाइन’मध्ये पुरुष आणि स्त्री पात्रांसाठी दुकानातला माल वेगळा. ‘लॉस्ट आर्क’ आणि ‘ब्लॅक डेझर्ट’ हे दोन कोरियन गेम आले तेव्हा तर योद्ध्याचा प्रकारच लिंगाला बांधलेला होता. अमुक शस्त्र चालवायचं तर बाईच व्हावं लागेल, तमुकसाठी पुरुष. आणि ‘रस्ट’ने सगळ्यांच्या वरताण केलं. २०१६ मध्ये त्यात स्त्री शरीरं आली, ती खेळाडूच्या खात्याच्या क्रमांकावरून वाटली गेली. तुम्ही पुरुष असाल की स्त्री हे गेमने ठरवलं, आणि बदलायची सोय नाही. बरेच पुरुष खेळाडू भडकले. आपल्याला न विचारता आपलं शरीर ठरवलं जाणं म्हणजे काय, याचा बहुतेकांना पहिल्यांदाच अनुभव आला असावा.

‘दोन शरीरं म्हणजे दुप्पट काम’

कंपन्यांचं पहिलं उत्तर तांत्रिक असतं, आणि ते पूर्ण खोटं नाही.

गेममधला कपडा म्हणजे छोट्या छोट्या त्रिकोणांची एक जाळी. ती पात्राच्या आतल्या सांगाड्याला बांधलेली असते. कोपर वाकलं की बाहीचा कुठला भाग किती ओढला जाईल, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. हे नीट जमलं नाही तर पळताना मांडी पँटच्या बाहेर येते, वाकल्यावर पाठ कोटातून डोकावते. पुरुष आणि स्त्री पात्राचे खांदे-कंबर वेगळे असतील, तर प्रत्येक कपडा दोनदा बसवायचा, दोनदा तपासायचा. वर दोन जाळ्यांची जागा. स्वस्त फोनवर चालणाऱ्या गेमला डाउनलोडचा आकार वाढणं परवडत नाही, कारण स्टोरेज भरलं की सगळ्यात आधी गेमच उडतो. खैरानी रोडचा मास्टरही हेच सांगेल, दोन फर्मे म्हणजे दुप्पट मेहनत.

पण मास्टरचा फर्मा एकदा कापला की झाला. गेममध्येही बरंचसं तसंच आहे.

२०१४ मध्ये युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये एकत्र खेळताना स्त्री पात्र का नाही, असा प्रश्न विचारला गेला. त्यासाठी हालचाली आणि कपडे यांचं काम दुप्पट झालं असतं, असं उत्तर गेमच्या टीमकडून आलं. त्यावर जोनाथन कूपर या ॲनिमेटरने, ज्याने पूर्वी याच मालिकेतल्या गेमवर काम केलं होतं, जाहीरपणे लिहिलं की हे काम त्याच्या अंदाजाने एक-दोन दिवसांचं आहे. दोघांपैकी कोण किती बरोबर हा वाद सोडून देऊ. ‘तांत्रिक अडचण’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात काम किती आणि इच्छा किती हे बाहेरून कळत नाही, एवढं त्यातून दिसलं.

पुढे तंत्रही बदललं. रोब्लॉक्सवर २०२१ पासून थरांचे कपडे आले. यात प्रत्येक शरीराभोवती आणि प्रत्येक कपड्याभोवती एक अदृश्य पिंजरा असतो. कपडा आपला पिंजरा समोरच्या शरीराच्या पिंजऱ्याशी जुळवून घेतो. शरीर पुरुषाचं, स्त्रीचं, ठोकळ्यासारखं की डायनासोरचं, जॅकेट बसतं. डायनासोरला जॅकेट बसवण्यापर्यंत मजल गेल्यावर पुरुषाला घागरा बसत नाही ही सबब जरा पातळ होते.

कुलूप काढलं त्यांचं काय झालं?

फार काही झालं नाही. हीच तर बातमी आहे.

‘द सिम्स ४’ने जून २०१६ मध्ये एका फुकट अपडेटमध्ये आधी फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री पात्रांना घालता येणाऱ्या ७०० हून अधिक गोष्टी सगळ्यांना खुल्या केल्या. आवाज, चाल, शरीराची ठेवण हेही वेगवेगळं निवडता येऊ लागलं. गेम त्यानंतरही वर्षानुवर्षं चालतोय.

मार्च २०२० मध्ये, म्हणजे जग लॉकडाऊनमध्ये जात असताना आलेल्या निन्टेन्डोच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ने तर सुरुवातीला मुलगा की मुलगी हा प्रश्नच काढला. कोणत्या ढंगाचं दिसायचं ते निवडा, नंतर आरशासमोर उभं राहून कधीही बदला, केस आणि कपडे सगळे सगळ्यांना. लहान मुलं खेळतात असा हा गेम, आणि जगभर तुफान विकला गेला.

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘मॉन्स्टर हंटर’चं. कॅपकॉमची ही मालिका २००४ पासूनची. यात शिकार करून मिळालेल्या हाडा-कातड्यांपासून चिलखत बनवायचं, आणि प्रत्येक चिलखताचे दोन अवतार, एक पुरुषाचा, एक स्त्रीचा. ही तिथली परंपरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने सांगितलं, कुठलंही चिलखत कुणीही घाला. दोन्ही अवतार ठेवले, फक्त मधली भिंत काढली. म्हणजे ज्यांना जुन्या पद्धतीने सजायचंय त्यांचं काहीच गेलं नाही.

पण सरसकट आनंदीआनंद होता असंही नाही. ‘पोकेमॉन गो’ने एप्रिल २०२४ मध्ये पुरुष-स्त्री शरीरांची विभागणी मोडून सगळे कपडे-केस सगळ्यांना दिले. आणि खेळाडू चिडले. यात काहींचा राग मूळ कल्पनेवर होता, पण मोठी तक्रार वेगळीच होती. आधीची पात्रं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, सगळ्यांची अंगकाठी एकाच साच्यातून काढल्यासारखी झाली, वर्षानुवर्षं जपलेलं आपलं रूप गेलं, असं लोक म्हणत होते. याचं कारण नीट बघायला हवं. निवड वाढवताना कंपनीने लोकांच्या आधीच्या निवडीवरच वरवंटा फिरवला. कुणालाही कुठलाही शर्ट घालू द्या, पण सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट देऊ नका.

मग अडलंय कुठे?

माझं मत सांगते. अडलंय दुकानात.

बंडल दोन प्रकारची असली की गल्ला दोनदा भरायची सोय होते. चाकाच्या बक्षिसांमध्येही एक पुरुषाचं, एक स्त्रीचं ठेवता येतं. ज्याला जे नको ते लागलं, की पुन्हा फिरवावंसं वाटतं. कंपन्या हे मुद्दाम करतात असा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा आरोपही नाही. पण जी रचना फायद्याची असते ती मोडायची घाई कुणाला नसते, हे समजायला एमबीए लागत नाही.

दुसरं कारण भीती. काही ठिकाणी ती भीती खरी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या अधिकाऱ्यांनी टेन्सेंट, नेटईज अशा बड्या गेम कंपन्यांना बोलावून ज्या गोष्टी काढून टाकायला सांगितल्या, त्यात ‘बायकी’ पुरुषांचं चित्रण हाही मुद्दा होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एका बाजाराने असं सांगितल्यावर पुरुष पात्राला झगा देण्याआधी कुठलीही कंपनी दहादा विचार करणार. आणि गेम एकच बनतो, तो सगळीकडे विकला जातो. बीजिंगमध्ये नको म्हटलेला झगा मग मोहिलीतल्या मुलालाही दिसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली. ‘सगळ्यांना सारखे कपडे’ म्हटलं की आपण मुलींना पँट देतो. केरळमधल्या बालुसेरीच्या सरकारी शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये समान गणवेश आणला, तेव्हा तो शर्ट-पँट असाच होता. त्यावरही आंदोलनं झाली, पण निदान विचार तरी करता आला. सगळ्यांनी स्कर्ट घालावा असं कुठल्या शाळेने सुचवलं असतं तर? गेममध्येही तेच. स्त्री पात्राला कमांडोची पँट सहज मिळते. पुरुषाच्या अंगावर घेरदार काही आलंच, तर ते बहुधा विनोद म्हणून.

पात्र बाईचं झालं की माइक बंद

आतापर्यंत गेमच्या आतलं बोललो. आता तो खेळणाऱ्या माणसांचं.

अनेक पुरुष स्वतःहून स्त्री पात्र निवडून खेळतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणाऱ्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्री पात्र घेणारे पुरुष हे पुरुष पात्र घेणाऱ्या बायकांपेक्षा बरेच जास्त निघाले. कारणं साधी असतात. तासन्‌तास पाठमोरं पात्रच बघायचंय, तर छान काहीतरी बघू. किंवा बायकांचे कपडे जास्त भारी असतात. या दुसऱ्या कारणाकडे लक्ष द्या. कपड्यांसाठी माणूस शरीर बदलतो, कारण शरीर न बदलता कपडे मिळत नाहीत.

मुलींचं गणित वेगळं. ऑनलाइन गेममध्ये मुलीचा आवाज ऐकू आला की काय सुरू होतं, हे खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. नंबर दे, किचनमध्ये जा, किंवा सरळ शिव्या. म्हणून कित्येक जणी माइक बंद ठेवतात, नाव मुलाचं किंवा काहीच न कळणारं घेतात, पात्रही पुरुषाचं निवडतात. मग त्यांना आवडलेलं स्त्रीचं बंडल तिजोरीत पडून राहतं. इथे कपड्यांचं कुलूप नुसतं गैरसोयीचं उरत नाही. सुरक्षित वाटायचं तर पुरुष पात्र, आणि पुरुष पात्र घेतलं की आपल्या आवडीचे कपडे नाहीत. दोन्हीतलं एक निवडा.

पात्राच्या दिसण्याचा खेळणाऱ्यावर परिणाम होतो, हेही संशोधकांनी दाखवलंय. निक यी आणि जेरेमी बेलेनसन यांनी २००७ मध्ये मांडलेला ‘प्रोटिअस इफेक्ट’ प्रसिद्ध आहे. उंच पात्र मिळालेली माणसं व्यवहाराच्या खेळात जास्त ताणून धरतात, देखणं पात्र मिळालेली समोरच्याच्या जवळ जाऊन बोलतात. बेलेनसन यांच्याच सहभागाने झालेल्या २०१३ च्या एका अभ्यासात तोकड्या कपड्यांतलं पात्र मिळालेल्या स्त्रिया स्वतःच्या शरीराबद्दल जास्त विचार करताना दिसल्या. म्हणजे आपण पात्राला कपडे घालतो आणि थोडं फार पात्रही आपल्याला घालतं.

या दुनियेत बायका किती दिसतात याचा अंदाज हवा असेल, तर एप्रिल २०२४ ची भेट आठवा. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी देशातल्या ७ नामवंत गेमर्सना बोलावलं होतं. आपला मिथिलेश पाटणकर म्हणजे ‘मिथपॅट’ त्यात होता, नमन माथुर म्हणजे ‘मॉर्टल’ होता. ७ जणांत स्त्री एकच, पायल धारे.

पुरुषाने शालू नेसला, तर महाराष्ट्राला नवल कसलं?

‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे’ अशी कमेंट येणारच, म्हणून आधीच सांगते.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १८८८ ते १९६७. ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’मधली सिंधू (१९१९) त्यांनी रंगवली. त्यांची साडी नेसायची पद्धत, दागिने, केसांतला गजरा यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. पुरुष नट स्त्रीवेशात रंगमंचावर येतो आणि गावच्या बायका त्याच्याकडून फॅशन शिकतात, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलं.

याला दुसरी बाजू आहेच. स्त्रियांना रंगभूमीवर येणं प्रतिष्ठेचं मानलं जात नव्हतं, म्हणून ही जागा पुरुषांना मिळाली. आणि तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला बालगंधर्वांचा मान आला नाही, कुचेष्टा आली. ‘नटरंग’ सिनेमा पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे आपली परंपरा फार उदार होती वगैरे म्हणायचं कारण नाही. पण वेश आणि शरीर वेगळे असू शकतात, हे मराठी प्रेक्षकाला कुठल्या गेम कंपनीने शिकवावं लागत नाही.

कायद्यात याबद्दल काही आहे?

थेट काही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेमना मान्यता आहे. पात्रांच्या कपड्यांचा विषय त्यात येत नाही, आणि यावा असंही मला वाटत नाही. कुठल्या पात्राने काय घालावं हे सरकारी जीआर काढून ठरायला लागलं, तर चीनचं वर सांगितलंच आहे.

पण एक निकाल माहीत असावा. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ‘नाल्सा’ खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिकरी यांच्या खंडपीठाने म्हटलं की आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि ती पेहरावातून, शब्दांतून, कृतीतून किंवा वागण्यातून व्यक्त होऊ शकते. यादीत पेहराव पहिला आहे. हा हक्क सरकारविरुद्ध मागता येतो, सिंगापूरच्या गेम कंपनीला तो दाखवून बंडल मिळणार नाही. तरी देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने कपड्यांना एवढं महत्त्व दिलं असताना, गेममधले कपडे म्हणजे पोरखेळ, असं म्हणताना जरा थांबायला हवं.

कारण साकीनाक्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचं कपाट नसतं. काय घालायचं हे घर, शाळा, गल्ली मिळून ठरवतात. फोनमधलं पात्र ही एकच जागा असते, जिथे एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कुणालाही न सांगता काहीतरी घालून बघू शकते. आवडलं नाही तर काढून टाकायचं. त्याची ना चाळीत चर्चा, ना घरात रडारड.

चेंडू पुण्याच्याही कोर्टात

आतापर्यंत आपण दुसऱ्यांनी बनवलेल्या गेमबद्दल बोललो. पण आता गेम इथेही बनतात. ‘राजी’ हा २०२० मध्ये जगभर गाजलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. त्याची नायिका मुलगी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयल पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. पात्रांचं कपाट कसं लावायचं, हे ठरवणारी माणसं आता हिंजवडी-बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारी असू शकतात.

आणि त्यांच्यापुढचा प्रश्न कोरियन किंवा जपानी डिझायनरपेक्षा थोडा वेगळा आहे. आपले जुने कपडे शिवलेले नव्हतेच. नऊवारी म्हणजे नऊ वारांचा एक सरळ पट्टा. धोतरही तसंच, फेटाही तसाच. त्या कापडाला खांदा नाही, छाती नाही, बटणाची डावी-उजवी पट्टी नाही, म्हणजे लेडीज-जेंट्सचे दोन फर्मेही नाहीत. कासोटा तर नऊवारीलाही मारतात आणि धोतरालाही. काठ, रंग आणि नेसायची तऱ्हा बदलली की कपडा बदलतो. एखाद्या मराठी डिझायनरला उद्या गेममध्ये नऊवारी आणायची असेल, तर तिची जाळी पहिल्यापासून विणावी लागेल, निऱ्या आणि काष्ट्यासह. ती फाइल सेव्ह करताना ‘कोणत्या पात्रासाठी’ असा एक रकाना समोर येईल, आणि तिथे काय निवडायचं हे त्या वेळी त्या खुर्चीत बसलेलं माणूस ठरवेल.